जुन्या स्पोर्ट्‌स कारमध्ये दुसरे इंजिन बसवणे: अडचणी, कायदा आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या स्पोर्ट्‌स कारचे इंजिन थकले, सुटे भाग मिळेनासे झाले किंवा गाडीचा वेग आजच्या रस्त्यावर अपुरा वाटू लागला, की दुसरे इंजिन बसवण्याचा विचार मनात येतो. अनेकांचे काम इंजिन विकत घेण्यापासून सुरू होते आणि तिथेच फसते. इंजिन ही या कामातली सर्वांत सोपी वस्तू आहे. त्याच्या भोवतीचे सगळे अवघड असते आणि नोंदणीची कागदपत्रे त्याहून अवघड असतात. म्हणून हे प्रश्न पाना हातात घेण्यापूर्वी वाचावेत.

इंजिन बदल नेमका कशाला म्हणायचे? त्याच प्रकारचे दुसरे इंजिन बसवले तर तोही बदलच का?

यात तीन पायऱ्या आहेत. पहिली, त्याच मॉडेलचे, त्याच प्रकारचे दुसरे इंजिन बसवणे; इथे सहसा फक्त इंजिन क्रमांक बदलतो. दुसरी, त्याच कंपनीचे पण मोठ्या क्षमतेचे किंवा नंतरच्या पिढीचे इंजिन बसवणे. तिसरी, पूर्णपणे परक्या कुळातले इंजिन बसवणे, उदाहरणार्थ चार सिलिंडरच्या ब्रिटिश रोडस्टरमध्ये (दोन आसनांच्या उघड्या गाडीत) अमेरिकन व्ही-८, म्हणजे ‘व्ही’ आकारात आठ सिलिंडर असलेले इंजिन. तांत्रिक कष्ट पहिल्या पायरीला कमी आणि तिसरीला फार असतात. कायदा मात्र बहुतेक देशांत पहिल्या पायरीचीही नोंद मागतो, आणि ही बाब अनेक मालकांच्या लक्षात येत नाही.

कारखान्यांनी स्वतः असे प्रयोग केले होते का?

केले होते, आणि ते अभ्यासण्यासारखे आहेत. ब्रिटनच्या एसी कंपनीच्या एस (Ace) या हलक्या गाडीत अमेरिकी रेसचालक कॅरोल शेल्बी यांच्या पुढाकाराने फोर्डचे व्ही-८ बसले आणि १९६२ मध्ये कोब्रा तयार झाली. सनबीम अल्पाइनमध्ये फोर्डचे २६० घनइंचांचे, म्हणजे सुमारे ४.२ लिटरचे व्ही-८ बसवून १९६४ ते १९६७ या काळात सनबीम टायगर विकली गेली. त्या गाडीत जागा इतकी कमी होती, की जुनी स्टिअरिंग यंत्रणा काढून रॅक अँड पिनियन घ्यावी लागली, फायरवॉलचा, म्हणजे इंजिन आणि चालकाचा कक्ष यांच्यामधल्या भिंतीचा, पत्रा ठोकून मागे सारावा लागला, आणि एका स्पार्क प्लगपर्यंत पोहोचण्यासाठी फायरवॉलला भोक ठेवून त्यावर रबरी बूच बसवावे लागले. तो प्लग बदलायचा तर चालकाच्या कक्षातून हात घालावा लागतो. पुढे सनबीमची मूळ कंपनी क्रायस्लरच्या ताब्यात गेली, तेव्हा फोर्डच्या जागी क्रायस्लरचे स्वतःचे व्ही-८ घालण्याचा विचार झाला. पण फोर्डच्या इंजिनाचा डिस्ट्रिब्युटर (स्पार्क प्लगना पाळीपाळीने वीज पोचवणारा भाग) पुढच्या बाजूला होता आणि क्रायस्लरचा मागे, फायरवॉलच्या बाजूला. ते इंजिन बॉनेटखालच्या त्या खोबणीत मावणारे नव्हते आणि टायगरचे उत्पादन थांबले. इंजिन बदलाचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट ध्यानात ठेवावी असे मला मनापासून वाटते, कारण इथे अश्वशक्ती भरपूर होती आणि अडले ते डिस्ट्रिब्युटर कुठे आहे यावर.

दुसरे उदाहरण एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्‌स कारचे. मूळ गाडीत १७९८ सीसीचे लोखंडी चार सिलिंडरचे इंजिन होते. केन कॉस्टेलो यांनी त्यात रोव्हरचे ३५२८ सीसीचे व्ही-८ बसवून गाड्या विकायला सुरुवात केली, आणि नंतर १९७३ मध्ये कंपनीने स्वतःची एमजीबी जीटी व्ही-८ बाजारात आणली. तिची शक्ती १३७ अश्वशक्ती होती. रोव्हरचे इंजिन ॲल्युमिनियमचे असल्यामुळे, दुप्पट सिलिंडर असूनही, त्याचे वजन जुन्या लोखंडी इंजिनाच्या जवळपासच होते. गाडीचा तोल त्यामुळेच टिकला. या इंजिनाचे मूळ ब्युइकच्या १९६१ सालच्या २१५ घनइंची इंजिनात आहे.

आजकाल बहुतेक लोक शेव्हरोलेचे एलएस इंजिनच का निवडतात?

त्याचे मुख्य कारण आकार आहे. १९९७ च्या कॉर्व्हेटबरोबर आलेले एलएस१ हे ५.७ लिटरचे, ॲल्युमिनियम ब्लॉकचे इंजिन आहे. त्याचा एकच कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडझाप करवणारा दांडा) ब्लॉकच्या पोटात असतो आणि व्हॉल्व्ह पुशरॉड नावाच्या लांब काड्यांनी उघडतात, त्यामुळे सिलिंडर हेड लहान राहतात आणि इंजिनाची रुंदी व उंची आटोपशीर राहते. ज्या व्ही-८ इंजिनांना प्रत्येक हेडवर दोन कॅमशाफ्ट असतात, ती सीसीने लहान असूनही बाहेरून कितीतरी मोठी असतात. जुन्या स्पोर्ट्‌स कारच्या अरुंद खोबणीत हा फरक निर्णायक ठरतो.

तरीही प्रत्येक गाडीला व्ही-८ शोभत नाही. हजार किलोच्या आसपास वजनाच्या गाडीसाठी आधुनिक चार सिलिंडरचे, जास्त फेऱ्यांवर चालणारे हलके इंजिन अधिक योग्य ठरते, असे माझे ठाम मत आहे. गाडीच्या पुढच्या चाकांवर वजन वाढले, की वळणावर तिची जी चपळाई असते, जिच्यासाठी आपण ती गाडी जपली, तीच आधी जाते.

इंजिन बॉनेटखाली मावेल की नाही, हे विकत घेण्यापूर्वी कसे समजेल?

लांबी-रुंदीच्या आकड्यांवर विश्वास ठेवू नये. अडचण होते ती बाहेर आलेल्या भागांची: ऑइल चेंबर, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, अल्टरनेटर, इनटेकचा वरचा भाग आणि स्टार्टर मोटर.

सर्वांत आधी ऑइल चेंबर पाहावा. काही इंजिनांत तेलाचा खोल भाग पुढे असतो, काहींत मागे. आणि जुन्या गाडीचा क्रॉसमेंबर, म्हणजे चेसिसची आडवी तुळई, नेमका त्याच्या आड येतो. चेंबर कापून वेगळ्या आकाराचा बनवता येतो, पण मग तेलाचे एकूण माप, आतले आडवे पडदे आणि तेल ओढणाऱ्या नळीची जागा नव्याने ठरवावी लागते. ते चुकले तर जोरात वळताना तेल एका बाजूला जाते, नळी हवा ओढते आणि बेअरिंग क्षणांत जळतात. त्यानंतर स्टिअरिंगचा दांडा आणि एक्झॉस्ट यांच्यातले अंतर पाहावे. उजवीकडे आणि डावीकडे स्टिअरिंग असलेल्या गाड्यांत हीच जागा बदलते, त्यामुळे एका देशात जमलेले मॅनिफोल्ड दुसऱ्या देशातल्या गाडीला लागेलच असे नाही.

कारागीर एक साधी युक्ती वापरतात. सुटे भाग काढलेला रिकामा ब्लॉक किंवा त्याच मापाचा हलका साचा खोबणीत टांगतात, वर इनटेक ठेवतात, आणि सर्वांत उंच जागांवर मऊ मातीचे गोळे ठेवून बॉनेट हळूच बंद करतात. बॉनेट उघडल्यावर दबलेल्या गोळ्याची जाडी मोजली, की मोकळी जागा मिलिमीटरमध्ये कळते. थांबलेल्या इंजिनासाठी जी जागा पुरते ती चालत्या इंजिनाला पुरत नाही, कारण रबरी माउंटिंगवरचे इंजिन ॲक्सिलरेटर दाबताच एका बाजूला कलंडते. म्हणून चहूबाजूंनी दोन-अडीच सेंटिमीटर जागा मोकळी ठेवावी.

जुना गिअरबॉक्स ठेवून फक्त इंजिन बदलता येते का?

दोन न जुळणारे भाग जोडणारी ॲडाप्टर प्लेट मध्ये घालून येते, पण गिअरबॉक्स किती टॉर्क सोसतो हे आधी तपासावे. दुप्पट टॉर्कचे इंजिन जोडल्यावर आधी क्लच घसरतो, मग गिअरचे दात किंवा डिफरन्शियल (मागच्या चाकांना शक्ती वाटून देणारा भाग) जाते, आणि शेवटी मागचे एक्सल. शक्य असेल तर इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच गाडीतून घेतलेले चांगले; गाडीच्या तळातला गिअरबॉक्सचा बोगदा थोडा रुंद करावा लागला तरी पुढचे दुखणे वाचते.

ॲडाप्टर प्लेटचे काम डोळ्यांनी नीट दिसत नाही. गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट आणि क्रँकशाफ्ट एका रेषेत हवेत, आणि इथे चालणारी चूक मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असते. क्रँकला डायल गेज लावून, क्रँक हाताने फिरवत बेलहाउसिंगच्या (क्लचभोवतीच्या कवचाच्या) भोकाची कड मोजावी. हे न मोजता जोडलेल्या गाड्यांत क्लच अडकतो, पायलट बेअरिंग वाजते, आणि मालक विनाकारण क्लच प्लेट बदलत बसतो. प्रोपेलर शाफ्टबाबतही असेच आहे: गिअरबॉक्समधून बाहेर येणारा शाफ्ट आणि डिफरन्शियलचा पिनियन या दोन रेषा समांतर हव्यात, नाहीतर ठरावीक वेगाला गाडी थरथरू लागते.

इंजिन कोणत्या दिशेने फिरते हेही पाहावे. शेव्हरोले कॉर्व्हेअरचे इंजिन इतर बहुतेक इंजिनांच्या उलट फिरते. ते फोक्सवॅगनच्या जुन्या ट्रान्सॲक्सलला (गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकत्र असलेल्या भागाला) सरळ जोडले, तर गाडीला एक गिअर पुढे जाण्यासाठी आणि चार मागे जाण्यासाठी मिळतात. त्यासाठी डिफरन्शियलमधले क्राउन व्हील काढून दुसऱ्या बाजूला बसवावे लागते.

ब्रेक आणि सस्पेन्शन बदलणे आवश्यकच आहे का?

शक्ती लक्षणीय वाढत असेल तर होय. ब्रेकला गाडीची गतिज ऊर्जा उष्णतेत बदलावी लागते आणि ही ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे नेहमीचा वेग दीडपट झाला तर ब्रेकवरचा भार सव्वादोन पट होतो. शिवाय व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणाऱ्या तीव्र कॅमशाफ्टच्या इंजिनात निर्वात कमी तयार होतो, आणि त्यावर चालणारा ब्रेक बूस्टर कमजोर पडून पेडल कडक लागते. पुढचे वजन बदलले असेल तर स्प्रिंग आणि शॉक ॲब्झॉर्बर नव्याने ठरवावेत. इंजिन शक्य तितके मागे आणि खाली बसवले, तर हा खटाटोप बराच कमी होतो.

कार्ब्युरेटरच्या गाडीत इंजेक्शनचे इंजिन घालताना इंधनव्यवस्थेत काय बदलावे लागते?

जवळजवळ सगळे. कार्ब्युरेटरच्या पंपाचा दाब सुमारे ०.३ बार असतो, तर इंजेक्शनला साधारण ३ ते ४ बार लागतो. म्हणजे जुन्या रबरी नळ्या आणि पकडपट्ट्या या दाबाला धोकादायक ठरतात. त्याहून कमी बोलला जाणारा प्रश्न टाकीचा आहे. कार्ब्युरेटरमध्ये फ्लोटच्या वाटीत थोडे पेट्रोल शिल्लक असते, त्यामुळे टाकीतला पंप वळणावर क्षणभर हवा ओढू लागला तरी इंजिन चालू राहते. इंजेक्शनला असा साठा नसतो. टाकीत आडवे पडदे किंवा वेगळी लहान टाकी नसेल, तर टाकी अर्धी असताना लांब वळणावर इंजिन अचानक गप्प होते, आणि तेही नेमके नको त्या क्षणी.

कूलिंगबाबत इतकेच सांगतो, की रेडिएटर मोठा घेऊन काम भागत नाही. जुन्या गाड्यांचे नाक खाली उतरते असते, रेडिएटर इंजिनापेक्षा खाली राहतो आणि हवा वरच्या सिलिंडर हेडमध्ये अडकते. पाणी भरायची जागा संपूर्ण व्यवस्थेत सर्वांत उंच असावी.

वायरिंग आणि ईसीयूची अडचण खरोखर इतकी मोठी असते का?

होय. नवे इंजिन एकटे चालत नाही. त्याचा ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, मूळ गाडीतल्या किल्लीची चिप, ॲक्सिलरेटर पेडल, एबीएस आणि गिअरबॉक्स यांच्याशी सतत बोलत असतो, आणि त्यांपैकी कोणी उत्तर दिले नाही तर इंजिन सुरूच होत नाही किंवा मर्यादित शक्तीवर अडकते. म्हणून इंजिनासोबत संपूर्ण हार्नेस (वायरींचा जुडगा), ईसीयू, पेडल, सर्व सेन्सर आणि शक्यतो किल्लीसुद्धा त्याच गाडीतून घ्यावी. वायर कापलेले इंजिन स्वस्तात मिळाले तरी घेऊ नये.

लहान अडचणीही असतात. चार सिलिंडरच्या चार-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या एका फेरीत दोन ठिणग्या पडतात, व्ही-८ मध्ये चार. जुना टॅकोमीटर तसाच जोडला, तर इंजिन ३००० फेऱ्यांवर असताना काटा ६००० दाखवतो.

हे सगळे कायदेशीर आहे का?

याचे एक उत्तर नाही. गाडी ज्या देशात किंवा राज्यात नोंदलेली आहे तिथला नियम लागू होतो.

अमेरिकेत केंद्रीय पातळीवर स्वच्छ हवा कायदा उत्सर्जन-नियंत्रण यंत्रणेत छेडछाड करण्यास मनाई करतो. इंजिन बदललेली गाडी ही त्याच किंवा नंतरच्या वर्षीच्या एखाद्या प्रमाणित गाडीच्या रचनेशी जुळावी, अशी पर्यावरण संरक्षण संस्थेची भूमिका आहे. कॅलिफोर्नियाचे नियम यात सर्वांत स्पष्ट आहेत: नवे इंजिन गाडीच्या वर्षाचे किंवा त्यानंतरचे हवे, त्याच वर्गाच्या वाहनातले हवे, आणि त्या इंजिनाची कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसह सगळी उत्सर्जन यंत्रणा सोबत बसवलेली हवी. मग स्मॉग चेक (धूर तपासणी) व्यवस्थेतला रेफरी नावाचा तपासनीस गाडी तपासून लेबल लावतो. १९७५ किंवा त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना तिथे स्मॉग तपासणीतून सूट आहे. एकाच मॉडेलच्या १९७५ आणि १९७६ च्या दोन गाड्यांत म्हणूनच जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

ब्रिटनमध्ये इंजिन क्रमांक, क्षमता किंवा इंधन बदलले तर डीव्हीएलए या वाहन नोंदणी संस्थेला कळवून नोंदणीपत्र दुरुस्त करून घ्यावे लागते, आणि त्यासाठी इंजिनाची पावती किंवा गॅरेजचे लेखी पत्र असा पुरावा द्यावा लागतो.

जर्मनीत कडक शिस्त आहे. उत्सर्जन किंवा आवाज वाढवणारा अथवा धोका निर्माण करू शकणारा बदल केला, की वाहनाची वापर-परवानगीच संपते, आणि टीयूव्हीसारख्या संस्थेच्या अधिकृत तपासनीसाकडून बदल मान्य करून कागदपत्रांत चढवावा लागतो. ३० वर्षांहून जुन्या गाड्यांना मिळणारी ऐतिहासिक नंबरप्लेट हवी असेल, तर बसवलेले इंजिन गाडीच्या काळाला शोभणारे हवे. ऑस्ट्रेलियात व्हीएसबी १४ नावाची राष्ट्रीय नियमावली आहे. तिच्यात गाडीच्या मूळ वजनावरून इंजिनाची कमाल क्षमता ठरते, आणि टर्बो असेल तर ही मर्यादा खाली येते.

भारतात मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ लागू होते. निर्मात्याने मूळ ठरवलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात लिहिलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात हाच अर्थ ठामपणे सांगितला आहे. त्याच प्रकारचे दुसरे इंजिन बसवायचे असल्यास आरटीओची संमती आणि आरसीवर नव्या क्रमांकाची नोंद लागते. परक्या कुळातल्या मोठ्या इंजिनाला या चौकटीत वाट नाही. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १८२अ मध्ये बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. ५० वर्षांहून जुन्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी करायची असेल, तर २०२१ च्या नियमांनुसार तिच्या चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार झालेले नसावेत.

माझी गाडी प्रदूषण चाचणीत सहज पास होते. तरीही ती बेकायदा असू शकते का?

असू शकते. धुराच्या नळीतला वायू मोजणे आणि वाहनाच्या प्रमाणित रचनेची खात्री करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नवे इंजिन जुन्यापेक्षा कितीतरी स्वच्छ जळते, आणि मालकाला अन्याय झाल्यासारखे वाटणे मी समजू शकतो. पण तपासनीस कागदावरचे इंजिन आणि समोरचे इंजिन ताडून पाहतो, आणि तिथे धुराचा आकडा उपयोगी पडत नाही.

विमा कंपनीला कळवावे लागते का?

लेखी कळवावे आणि त्यांचे लेखी उत्तर जपून ठेवावे. इंजिन बदल ही जोखीम बदलणारी बाब आहे. ती लपवली तर अपघातानंतर दावा नाकारला जाऊ शकतो, अपघाताचे कारण इंजिन नसले तरीही.

इंजिन विकत घेताना कोणती कागदपत्रे मागावीत?

विक्रेत्याची सही असलेली पावती, तिच्यावर पूर्ण इंजिन क्रमांक, आणि ते ज्या गाडीतून काढले तिचे मॉडेल, वर्ष व चेसिस क्रमांक. ब्लॉकवर कोरलेला क्रमांक स्वतः घासून, पुसून वाचावा आणि त्याचे छायाचित्र घ्यावे. क्रमांक खरवडलेला किंवा पुन्हा ठोकलेला दिसला, तर ते इंजिन चोरीचे असू शकते. तिथून निघून यावे.

इंजिन बदलल्याने गाडीची किंमत कमी होते का?

दुर्मीळ मॉडेलची निश्चित होते. संग्राहक मूळ चेसिसवर मूळ क्रमांकाचे इंजिन आहे का हे सर्वांत आधी पाहतात. मोठ्या संख्येने बनलेल्या गाड्यांत मात्र नीटनेटका, नोंदवलेला बदल खपून जातो. ज्या गाडीचे मूळ इंजिन अजून दुरुस्त होऊ शकते, ते आधी दुरुस्त करून पाहावे, हा माझा आग्रह आहे. आणि बदल करायचाच असेल तर चेसिस न कापता, बोल्टने बसणाऱ्या माउंटिंगवर करावा, म्हणजे पुढच्या मालकाला गाडी मूळ रूपात नेता येईल.

पेट्रोल इंजिनाऐवजी इलेक्ट्रिक मोटर बसवली तर?

कायद्याची वाट काही ठिकाणी उलट सोपी आहे. फ्रान्सने २०२० मध्ये पाच वर्षांहून जुन्या गाड्यांच्या अशा रूपांतरासाठी नियम केले, आणि भारताच्या कलम ५२ मध्येही मान्यताप्राप्त किट बसवून वेगळ्या इंधनावर किंवा ऊर्जास्रोतावर जाण्याला जागा आहे. तांत्रिक कळीचा मुद्दा बॅटरीचे वजन गाडीत कुठे ठेवायचे हा असतो.

काढलेल्या मूळ इंजिनाचे काय करावे?

विकू नये. तेल आणि पाणी पूर्ण काढावे, प्रत्येक सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून थोडे ताजे तेल सोडून क्रँक हाताने दोन फेऱ्या फिरवावा आणि प्लग परत लावावेत. इनटेक व एक्झॉस्टची तोंडे बंद करावीत, इंजिन लाकडी ठोकळ्यांवर जमिनीपासून उंच ठेवावे आणि दर काही महिन्यांनी क्रँक थोडा फिरवावा, म्हणजे पिस्टनच्या रिंग चिकटत नाहीत. मूळ माउंटिंग, ब्रॅकेट आणि बोल्ट वेगवेगळ्या पिशव्यांत घालून प्रत्येकीवर ते कुठले आहेत हे लिहावे, आणि इंजिन क्रमांकाचे छायाचित्र गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवावे.